नांगर न लागणारी जमीन

मला रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण गेल्या जूनपासून डोकं जे फिरलंय ते अजून जाग्यावर आलेलं नाही. एकतीस वर्षं मी सरकारी दप्तरखान्यात जमिनीच्या नकला दिल्या. कागदावर माझा भारी विश्वास. त्या विश्वासापायी मी एका बाईचं काय करून बसलो ते सांगतो.

तिचं नाव शांतीबाय. वय अडुसष्ट. करंजाड्याच्या इमारती संपल्या की खाडीच्या बाजूला तिचं गाव, आणि बांधाच्या आत तिचं दीड एकर खारं शेत. ते ती नांगरत नाही. तिची सासू नांगरत नव्हती, सासूची सासूही नाही. त्या चिखलात बैल पोटापर्यंत रुततो, आणि नांगर घातलाच तर खालचं मीठ वर येतं. म्हणून वरचं मीठ पावसाने धुऊन निघालं की शांतीबाय भाताचं बी भिजवते, गोणपाटात बांधते आणि पेंढ्याखाली दाबून ठेवते. तिसऱ्या दिवशी मोड येतात. मग गुडघाभर चिखलात उभी राहून ती ते बी मुठीमुठीने फेकते. झाली पेरणी. त्यातून लाल तांदूळ निघतो. वर्षभर घरात तोच शिजतो.

तिची मुलगी मनिषा कामोठ्यात क्लास घेते, माझी नात इरा तिच्याकडे जाते. मे महिन्यात मनिषा एक नोटीस घेऊन माझ्याकडे आली. त्यात लिहिलं होतं, तुमची जमीन म्हणजे पडीक खाजण, नुसती खाडीकाठची दलदल, लागवड कधीच झालेली नाही, तेव्हा ती सरकारजमा का करू नये? लागवड होती असा पुरावा घेऊन सुनावणीला या. आता बघा, जिच्या टाचा त्या चिखलाने फुटल्यात तिनेच सिद्ध करायचं की ती शेती करते.

सातबारा काढला तर पिकाच्या रकान्यात वर्षानुवर्षं 'पड'. तलाठ्यांना बूट काढायचे नव्हते. मागच्या साली होतं तेच पुढच्या साली उतरवलं. आणि मी तरी कुठला सोवळा? असल्या हजारो नकलांवर शिक्के मारले, एकदाही मान वर करून विचारलं नाही.

पण मला जुन्या दप्तराची वाट माहीत. आठ दिवस धूळ खाल्ली आणि इंग्रजांच्या वेळच्या पाहणीचा मोडी कागद काढला. शांतीबायच्या नवऱ्याचा पणजोबा रामू, त्याचा जबाब, खाली अंगठा. घराण्याचं नाव सव्वाशे वर्षांपूर्वी त्या जमिनीवर! मी तर हवेतच. जबाब एका ओळीचा होता: 'या जमिनीस नांगर लागत नाही.' मी तो कागद अर्जाला जोडला. त्या ओळीकडे मी धड पाहिलंच नाही. गाढव म्हणा मला.

रामूने ते का सांगितलं, हे शांतीबायला घरातून ठाऊक होतं. पाहणीवाला साहेब आला तो शेतसारा ठरवायला. जास्त पिकतं म्हणाल तर सारा जास्त. बांध फुटून समुद्र शेतात आला, तरी सारा सुटत नसे. बांध गावाने घालायचा, घराघरातल्या माणसाने ओढून न्यायचा चिखल, आणि पिकातला वाटा साहेबाचा. मग रामूने काय वाईट केलं? खोटं बोलला नाही. नांगर लागत नाही, एवढंच बोलला आणि गप्प बसला. साहेबानेही पुढे विचारलं नाही. शेतात न उतरता त्याने खाली शेरा ओढला, 'लागवड नाही'. त्या साहेबाचा मला राग आहेच. पण तो परका होता. सव्वाशे वर्षं तीच ओळ गिरवणारे आम्ही कोण होतो?

सुनावणीच्या आधी मी तिला बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोलायचं, जास्तीचं काही नाही. हा माझा सल्ला.

चौकशी अधिकारी तरुण होता, बोलायला सभ्य. त्याने मोडी कागदाची नक्कल पाहिली आणि विचारलं, "आजी, तुम्ही ही जमीन नांगरता का?"

"नाय," शांतीबाय म्हणाली. विचारलं तेवढंच.

त्याने लिहून घेतलं. म्हणाला, सव्वाशे वर्षांचं रेकॉर्ड एकच सांगतंय, पुरावा तुम्हीच आणलात. मी मध्ये बोलायला गेलो तर म्हणाला, आपण वकील आहात का? तेव्हा शांतीबायने पिशवीतून गोणपाटाची पुरचुंडी काढली आणि टेबलावर ठेवली. तिच्या पेरणीचा तोच दिवस होता.

"सायेब, हात लावा. गरम हाय."

त्याने हात लावला नाही. आत मोड फुटलेलं भात होतं. ते रेकॉर्डवर घेता येत नाही म्हणाला.

आम्ही थेट शेतावर गेलो. ती साडी खोचून चिखलात उतरली. मी बांधावरून, रागाने की लाजेने कोण जाणे, ओरडलो की जमीन जाणार हे दिसतंय, मग कशाला पेरताय. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"मंग काय बियाला मारू? त्याला मोड आलाय. ते थांबाचा नाय."

सप्टेंबरात निकाल आला: सदर जमिनीत कधीही पीक घेतलेले नाही. त्या वेळी तिथे भात कमरेइतकं उभं होतं. कोणी बघायला आलं नाही.

दिवाळीनंतर शांतीबाय माझ्या दारात आली. तिने एका शब्दानेही बोल लावला नाही, लावला असता तर बरं झालं असतं. निकालाची प्रत आणि शेरभर लाल तांदूळ पुढ्यात ठेवला. म्हणाली, "भाऊ, ह्यो कागुद वाचा आनि ह्यो भात शिजवा. मंग सांगा खरा कोनचा."

आम्ही तो भात शिजवला. इराने दोनदा मागून घेतला. जेवल्यावर मी अपिलाचा अर्ज लिहायला बसलो, शांतीबायला समोर बसवून. पहिली ओळ रामूचीच घेतली: या जमिनीस नांगर लागत नाही. आणि या खेपेला तिला म्हटलं, आता पुढचं सगळं सांगा, कोणी विचारलं नसलं तरी.

ती अडीच तास बोलत होती.