दुसऱ्या मजल्यावरचे तत्त्वज्ञ

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. स्वयंपाकघरातल्या खणात रबरबँड जमतात तसे ते जमत जातात, आणि एक दिवस खण उघडतच नाही! दोन हजार सालानंतरची सहा वर्षं मी इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीत फिलॉसॉफी डिपार्टमेंटची सेक्रेटरी होते. नवरा मिल्टन कीन्सला आयटीत, आणि मी रोज ट्रेनने पुढच्या एका शहरात. माझं नाव वृषाली. तिथे मात्र सगळ्यांची 'व्रिश'!

*

माझा इंटरव्ह्यू घेतला डिपार्टमेंटचे हेड ह्यू यांनी. साठी उलटलेले, सडपातळ, अतिशय सभ्य गृहस्थ. तिथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण माझी पुणेरी जीभ वळेना. मी त्यांना शेवटपर्यंत 'प्रोफेसर'च म्हणत राहिले.

"तुम्ही फिलॉसॉफी शिकला आहात?" त्यांनी विचारलं.

"नाही. बी.कॉम."

"उत्तम! म्हणजे इथे कोणाला तरी काहीतरी नक्की माहीत असेल."

*

जेफ्रीचा विषय होता खोटं बोलणं. म्हणजे, ते कधीच का बोलू नये, हा! अगदी कोणाचा जीव वाचवायलासुद्धा नाही, असं त्याचं ठाम मत.

एकदा तो माझ्या ऑफिसमध्ये उभा असताना फोन वाजला. त्याची बायको सँड्रा. त्या दुपारी तिच्या आईकडे चहाला जायचं होतं. जेफ्री हातवारे करत कुजबुजला, "सांग, मी ऑफिसमध्ये नाही!"

मी रिसीव्हरवर हात ठेवला. "जेफ्री, तुझा लेख मी मागच्याच आठवड्यात टाइप केलाय."

तो विचारात पडला. मग दोन पावलं टाकून दाराबाहेर जाऊन उभा राहिला. "आता सांग."

"सँड्रा, जेफ्री ऑफिसमध्ये नाही."

पलीकडून लगेच प्रश्न आला.

"कॉरिडॉरमध्ये आहे का?"

*

ओपन डेला, म्हणजे प्रवेशाआधी मुलं आईवडिलांबरोबर युनिव्हर्सिटी बघायला येतात त्या दिवशी, एका मुलीच्या वडिलांनी जेफ्रीला विचारलं, "तुम्ही या विषयाकडे कसे वळलात?" जेफ्री सत्याच्या ओढीबद्दल दहा मिनिटं फार सुंदर बोलला. वडील भारावून गेले.

नंतर कप विसळताना मी म्हटलं, "छान बोललास."

"ते पेरेंट्ससाठी," तो म्हणाला. "आम्ही पाच भाऊ. मी सगळ्यात धाकटा. जेवणाच्या टेबलावर माझं एक वाक्य कधी कोणी पुरं होऊ दिलं नाही. लेक्चर पन्नास मिनिटांचं असतं, व्रिश. पन्नास!"

*

मॉरीन आणि कॉलिन यांचा घटस्फोट मी यायच्या बराच आधी झाला होता. पण दोघंही एकाच डिपार्टमेंटचे, जाणार कुठे? खोल्या समोरासमोर, आणि बोलणं बंद. मीटिंगमध्ये कॉलिन मला म्हणायचा, "व्रिश, मॉरीनला खिडकी लावायला सांग." मॉरीन तीन फुटांवर!

पण कॉलिनचा नवा लेख छापून आला की त्याची पहिली कॉपी मॉरीन माझ्याकडून मागून न्यायची. एकदा ती लेख घेऊन तणतणत आली. तळटीपेवर बोट ठेवलं. कॉलिनने लिहिलं होतं, 'या आक्षेपासाठी मी एम.चा ऋणी आहे.'

"हा आक्षेप मी आमच्या किचनमध्ये घेतला होता. अकरा वर्षांपूर्वी! तेव्हा म्हणाला, मूर्खासारखं बोलू नकोस."

"मग आता?"

"आता उत्तर देणार. छापून!" ती वळली, आणि दारात थांबून परत पानाकडे बघू लागली. "वाक्यं फार लांबलीत त्याची. झोप होत नसणार."

*

ह्यूंचं नाव झालं ते एका पुस्तकामुळे. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचं टायपिंग मीच केलं, त्यामुळे म्हणणं पाठ झालं होतं. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द बंधनकारक नसतो. ज्याला दिला तोच उरला नाही, तर मोडला म्हणून दुखावणार कोण?

त्यांची बायको जोन कॅन्सरने गेली. तीन महिन्यांत सगळं आटोपलं. चौथ्या दिवशी ह्यू लेक्चरला हजर. पुढच्या महिन्यात मला म्हणाले, "बुधवारी दुपारी कोणालाही अपॉइंटमेंट देऊ नका." कारण सांगितलं नाही. "कोणीतरी बाई भेटली असणार," असं जेफ्रीचं अनुमान.

एका बुधवारी मी रजेवर होते. मिल्टन कीन्सच्या एका राउंडअबाउटला एक छोटी लाल गाडी तिसरी फेरी मारत होती. पुढे 'एल'ची पाटी, शेजारी इन्स्ट्रक्टर, आणि स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेले ह्यू! ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून इतक्या लांब आले असणार. मी तोंड फिरवलं.

टेस्टमध्ये ते चार वेळा नापास झाले. पाचव्यांदा पास झाले, तेव्हा त्यांनी स्वतःच मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी बेसनाचे लाडू नेले.

"आता कुठे फिरायला जाणार, प्रोफेसर?"

"कुठेच नाही. गाडी जोनची होती, ती भाचीला देऊन टाकली. मला गाडी चालवायला मुळीच आवडत नाही."

"मग सदुसष्टाव्या वर्षी शिकलात कशाला?"

"जोनला म्हणालो होतो, शिकेन म्हणून. चाळीस वर्षं म्हणत होतो."

मला राहवलं नाही. "पण प्रोफेसर, तुमच्या पुस्तकात तर..."

त्यांनी लाडवाचा तुकडा मोडला. बशीत पडलेला चुरा बोटाने गोळा केला.

"जोनने ते पुस्तक वाचलं नव्हतं."