काचेच्या पेटीतलं सोलापूर

वहिनी कुणाच्याही घरी गेल्या, की चपला काढल्यावर आधी वाकून जमिनीला तळहात लावायच्या. मग मान हलवत निकाल द्यायच्या, "गार आहे गं बाई. पोटाला ऊब नाही मिळायची इथं."

घरची बाई बावचळायची. ग्योतोकुत नव्यानं राहायला आलेल्या मराठी मुलींना मग आम्हा जुन्यांपैकी कुणीतरी हळूच सांगायचं, की मनावर घेऊ नकोस, हे तुझ्या घराबद्दल नाही, पालीबद्दल चाललंय.

होय, पालीबद्दल. तुम्ही आत्ता नाक मुरडलंत ना? आम्हीही मुरडलं होतं.

त्या वर्षांत पुण्या-मुंबईचे इंजिनियर भराभर तोक्योला येत होते. त्यांची ऑफिसं तोयोसुला समुद्राकाठच्या टॉवरांमध्ये, घरं तोझाई लाइनवर ग्योतोकुला. सकाळची गाडी पकडून नवरे निघून गेले, की डिपेंडंट व्हिसावर आलेल्या आम्ही बायका आणि चार भिंती. वहिनी आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. चाळिशी ओलांडलेल्या, सोलापूरच्या, दीर-जावांच्या भरल्या घरातून आलेल्या. तिथं दिवसभर माणसांचा राबता. इथं बेल वाजली तर दारात कुरियरवाला, आणि तोही वाकून नमस्कार करून पळणारा. पहिल्या हिवाळ्यात त्या दोन स्वेटर आणि वरून शाल अशा बंदोबस्तात खिडकीशी बसून असायच्या. त्यांच्या नवऱ्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. त्यांना वहिनींनी सांगून टाकलं होतं, "मार्चमध्ये मला परत पाठवा. तुमचं कंत्राट तुम्ही पुरं करा."

पण मार्चच्या आधी कचऱ्याचा वार आला. जपानात प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याला आठवड्यातला वेगळा वार नेमून दिलेला असतो.

त्या सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा. म्हणाल्या, "हे खाली कचऱ्याच्या जाळीत ठेवलंय कुणीतरी. जिवंत आहे. हे कुठल्या वाराचं असतं गं?"

डब्यात वीतभर लांबीची पाल होती. पिवळसर अंग, त्यावर काळे ठिपके, बरगड्या मोजाव्यात अशा, आणि शेपटी म्हणजे निव्वळ सुतळी. मी दोन पावलं मागं सरले. वहिनी मात्र डब्याच्या बुडाला तळहात लावून उभ्या होत्या.

जपानात सापडलेलं जनावर म्हणजे हरवलेली वस्तू. छत्रीसारखंच पोलीसचौकीत जमा करायचं. मला मोडकंतोडकं जपानी येत होतं म्हणून मी बरोबर गेले. चौकीतल्या तरुण पोलिसानं झाकण उघडलं आणि त्याची खुर्ची भिंतीवर आदळली. सावरल्यावर तो अतिशय नम्रपणे म्हणाला, की चौकीत हिची सोय होणार नाही, मालक सापडेपर्यंत तुम्ही सांभाळाल का? मुदतीत कुणी आलं नाही, तर ही तुमचीच.

"काय म्हणतोय?" वहिनींनी विचारलं. मी सांगितलं.

"हो म्हण."

"वहिनी, अहो पाल आहे ती!"

"पाल आहे ते दिसतंय की मला. गारठलीय, ते तुला दिसत नाहीये."

स्टेशनजवळ रेल्वेच्या पुलाखाली सरड्या-कासवांचं एक छोटं दुकान होतं. मालक पन्नाशीचा, करड्या केसांची शेंडी बांधणारा, कमी बोलणारा. त्यानं पाल उलटसुलट पाहिली आणि सांगितलं, की ही भिंतीवर चढणारी पाल नव्हे. हिच्या पायांना भिंत धरताच येत नाही. ही लेपर्ड गेको. अफगाणिस्तानापासून भारताच्या वायव्य टोकापर्यंत, कोरड्या खडकाळ मुलखात राहणारी.

मी भाषांतर केलं तसा वहिनींचा चेहरा उजळला. "म्हणजे आपल्या बाजूचीच की! तरीच. उन्हातल्या जिवाला कुठं आणून टाकलंय हे."

त्या दिवशी दुकानदारानं चित्रं काढून काढून त्यांना घर कसं मांडायचं ते शिकवलं. हिला ऊन डोक्यावरून नाही, पोटाखालून लागतं. पोट तापलं तरच खाल्लेलं पचतं. म्हणून काचेच्या पेटीच्या एका बाजूला खालून गरम होणारी चटई घालायची आणि दुसरी बाजू गार ठेवायची. कुठं बसायचं ते तिचं ती ठरवेल. लपायला जागा हवी. कात टाकायला एक ओलसर कोपरा हवा. वाळू घालायची नाही, अशक्त जीव चुकून गिळतो. तळाला साधा किचन पेपर.

वहिनींनी तुळशीसाठी घेतलेली आणि रिकामीच राहिलेली मातीची कुंडी कड फोडून उपडी घातली. आमटीच्या डब्याच्या झाकणाला गोल दार कापलं आणि आत ओलं शेवाळ भरलं. पेटी सजल्यावर मला बोलावून दाखवली. उबदार बाजूवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे सोलापूर." गार बाजूवर ठेवून, "आणि हे महाबळेश्वर. उन्हाळ्यात जायला." पालीचं नाव ठेवलं ठिपकी.

ठिपकी खाईना.

खाणं म्हणजे जिवंत रातकिडे. वहिनींच्या घरात कांदा चतुर्थीला वर्ज्य, अंडं तर कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. ही बाई चिमट्यात किडा धरून, स्वतःचे डोळे मिटून, "माफ कर रे बाबा" असं पुटपुटत तो पालीपुढं धरायची. ठिपकी तोंड फिरवायची. किडा वाचायचा. वहिनींना धड सुटल्यासारखंही वाटायचं नाही आणि धड हरल्यासारखंही.

आठवडा गेला. दुकानदारानं तिला पुन्हा तपासलं आणि दातांतून हवा ओढत म्हणाला, "मुझुकाशी." अवघड आहे. जपानी माणूस अवघड म्हणतो तेव्हा त्याला 'नाही' म्हणायचं असतं, हे तोवर आम्हा सगळ्यांना कळलं होतं. वहिनींना ते कळलं नव्हतं, किंवा त्यांनी कळून घेतलं नाही.

"अवघडच म्हणाला ना? अशक्य नाही ना म्हणाला?"

मग त्यांनी ते केलं, जे मी त्यांच्या सासरच्या कुणाला आजवर सांगितलेलं नाही. किडा चिरडून त्याचा रस काडीच्या टोकानं ठिपकीच्या ओठाला लावायला लागल्या. पाल जीभ बाहेर काढून ओठ चाटते, तेवढंच पोटात जातं. रोज सकाळी देवपूजा, मग हा उद्योग, मग पुन्हा आंघोळ. ग्योतोकुच्या कडाक्याच्या थंडीत दोनदा आंघोळ करणारी ती एकमेव बाई असेल.

मार्च आला. दादांनी विमानाच्या तिकिटाचा विषय काढला. वहिनी म्हणाल्या, "हिला कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ?" दादा बिचारे माझ्या नवऱ्याला गाडीत सांगत होते, "मी इथं एकटा राहणार होतो, त्याची काळजी नव्हती हो हिला."

आणि एका दुपारी खालून अशी किंकाळी आली, की मी गॅस बंद करून, जिना उतरून धावले. वहिनी पेटीसमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या.

"खाल्लं! खाल्लं गं! मी रस लावत होते, तर हिनं काडी सोडून डब्यातल्या किड्यावरच झडप घातली!"

आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून नाचलो. एक पाल जेवली म्हणून. त्या दिवशी वहिनींनी शिरा केला आणि चौकीतल्या पोलिसालाही नेऊन दिला. त्यानं तो काय म्हणून खाल्ला, देव जाणे.

शेपटी भरायला लागली. उंट पाठीवर साठवतो तसं ही शेपटीत साठवते. सुतळीची दोरी झाली, दोरीची मुळी झाली, मुळीचं गाजर झालं. मुदत संपली, मालक फिरकला नाही, आणि चौकीतून ठिपकी रीतसर वहिनींची झाली. पोलिसानं शेपटी पाहून "फुतोई!" म्हटलं. म्हणजे जाड. वहिनी महिनाभर तो शब्द मिरवत होत्या. तोवर त्यांना भरपूर शब्द यायला लागले होते. आधी तापमान, ओलावा, कात. मग "हे नको, ते द्या." मग शेंडीवाल्याशी चक्क वाद. माझी भाषांतराची नोकरी सुटली, ती कधी ते मलाही कळलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात संकट आलं ते घरमालकीणबाईंच्या रूपानं. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या. कचऱ्याची पिशवी चुकीच्या वाराला ठेवली तर दार वाजवून परत आणून देणाऱ्या. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, की भारतीय बाईच्या घरात पाली आणि किडे आहेत. करारात तर स्पष्ट लिहिलेलं, जनावरं पाळायला मनाई. दादा म्हणाले, "सोडून दे आता. घर जाईल." वहिनींनी चहा टाकला आणि माझ्याकडून फक्त नमस्काराचं वाक्य तपासून घेतलं.

बाई आत आल्या. बसल्या. ठिपकीकडं बघून त्यांनी ओठ घट्ट मिटले. वहिनींनी एकेक वाक्य जुळवत सांगायला सुरुवात केली. ही भुंकत नाही. हिचे केस गळत नाहीत. ही भिंती ओरखडत नाही. घाण करते ती एकाच कोपऱ्यात.

"नेहमी एकाच?" बाईंनी विचारलं.

"नेहमी. मी तिथला कागद काढते, आणि जळणाऱ्या कचऱ्यात टाकते."

बाई किंचित हलल्या. तेवढ्यात न्हाणीघराशेजारच्या उबदार खोक्यातून रातकिडा ओरडायला लागला. दादांनी कपाळाला हात लावला. पण बाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि मान तिरकी केली. बाहेर थंडीनं झाडं खराटा झालेली, आणि आत शरदातला किडा गातोय. त्या कितीतरी वेळ तशाच ऐकत राहिल्या. म्हणाल्या, त्यांच्या आई किड्यांचा पिंजरा ओसरीवर टांगायच्या. नंतर या गावातली शेतं गेली, इमारती आल्या, आणि घरात हा आवाज पुन्हा कधी आला नाही.

उठताना त्या म्हणाल्या, "करारातलं जनावर म्हणजे कुत्रं आणि मांजर." मग दारात थांबून, "कोपरा पाळणारा भाडेकरू मला चालतो. वरच्या मजल्यावरच्यांनाही सांगा." वरचा मजला म्हणजे आम्ही.

त्यानंतर वहिनींना कुणी अडवलं नाही. शेंडीवाल्यानं आपल्याकडचा एक तरणा नर ठिपकीसाठी सुचवला, तेव्हा त्यांनी त्याला साग्रसंगीत बघून घेतलं. शेपूट कशी, चाल कशी, घरी किती भाऊ-बहिणी. "स्थळ चांगलंय, पण डोळ्यात जरा आगाऊपणा आहे." तरी जमलं. ठिपकीनं ओल्या शेवाळात दोन अंडी पुरली, आणि दादांचा शेवटचा बुरूज हलला.

"अगं, आपल्या घरात अंडं आणत नाही आपण!"

"आणलंय कुठं? घातलंय."

पहिली जोडी खचून वाया गेली. दुसऱ्या जोडीला वहिनींनी सुपरमार्केटमधून मासळीचं थर्मोकोलचं खोकं मागून आणलं, ऊब नेमकी राखली, आणि अंडं उलटू नये म्हणून वरच्या बाजूला पेनानं टिंब काढलं. उन्हाळ्यातल्या एका रविवारी सकाळी त्यातल्या एकाला घाम फुटल्यासारखे थेंब आले. निरोप गेले. आम्ही, घरमालकीणबाई, दुकान उघडायचं सोडून आलेला शेंडीवाला, सगळे त्या खोलीत मांडी घालून बसलो. कवचाला चीर पडली. बारीक नाक बाहेर आलं, थांबलं, दमलं, आणि मग एका हिसक्यात काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं, करंगळीएवढं पिल्लू जगात आलं. आल्या आल्या त्यानं आम्हा सगळ्यांवर तोंड वासून फिस्कारलं.

पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या त्या दादांनी.

पुढं शेंडीवाल्याच्या दुकानात वहिनी पार्ट-टाइम कामाला लागल्या. कुणाची पाल खाईना झाली, की दूरदूरून लोक पिशवीत डबे घेऊन यायचे आणि "इंडियाच्या मावशी आहेत का?" म्हणून विचारायचे. 'अवघड' म्हणायची त्या दुकानात सोयच उरली नव्हती.

मग दादांना कोबेत काम मिळालं. पहिल्या पिल्लाला घरमालकीणबाईंनी आधीच आपल्याकडं नेलं होतं, करारासकट. ठिपकी वहिनींबरोबर निघाली. मी त्यांना पोचवायला तोक्यो स्टेशनात गेले. दादांनी ठिपकीचा डबा लोकरी मफलरीत गुंडाळून छातीशी धरला होता. शिनकानसेनच्या गेटवर टोपीवाल्या कर्मचाऱ्यानं त्यांना थांबवलं. जनावर? गाडीत साप न्यायला मनाई आहे. त्यानं झाकणातून डोकावून पाहिलं, आणि त्याची शंका काही फिटेना. मागं रांग वाढत चालली.

वहिनींनी दादांच्या हातून डबा घेतला आणि स्वच्छ, खणखणीत जपानीत म्हणाल्या, "सापाला पापण्या नसतात. त्याला डोळे मिटता येत नाहीत. हिला येतात. बघा."

कर्मचारी वाकला. त्याच्यामागचा सूटवाला वाकला. एक आजीबाई वाकल्या. ठिपकीनं सगळ्यांकडं एकदा नीट पाहून घेतलं, आणि सावकाश, अगदी सावकाश, डोळे मिटले.