हातभर कमी तलाव

ब्लीचिंग पावडरचा वास आला की मला लातूरचा आमचा पोहण्याचा तलाव आठवतो आणि अजून संताप येतो. भूकंपाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. वर्गातल्या मुली शिकवण्यांना धावत होत्या आणि मी वडिलांशी भांडून पाण्यात उतरत होते, कारण आमचे सर म्हणायचे, "शंभर मीटरला तुझ्याएवढी कमी वेळ मराठवाड्यात कुणाची न्हाई." राज्य स्पर्धेसाठी नांदेडला निवड होणार होती, तिच्या आठवडाभर आधी नांदेडचे प्रशिक्षक तलावावर आले. त्यांनी पिशवीतून टेप काढला आणि सरांना म्हणाले, "भूकंपात भिंत तडकली तव्हा आतून दुसरी बांधली न्हाई का तुम्ही? मंग हा पंचवीस मीटर कसा राहील?" मोजला तर तलाव हातभर कमी भरला. शंभर मीटरच्या चार फेऱ्यांत चार हात पाणी मी कधी कापलंच नव्हतं. निवडीच्या दिवशी पाहिलं, तर नांदेडचा तलाव पन्नास मीटरचा. जिथे भिंतीला पाय लावून मी जोर घ्यायचे, तिथे नुसतं पाणी होतं. मी सहावी आले. ओल्या अंगानेच सरांना विचारलं, "तलाव कमी आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" ते म्हणाले, "हाव. सांगितलं असतं तर तू पोहणं सोडलं असतंस." मी त्याच दिवशी सोडलं. मागच्या महिन्यात सर काठी टेकत घरी आले. "तुझ्यावर माझा लई जीव होता," म्हणाले. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही.