बंगाली नाटकातला दुसरा हार

चार माणसं समोर असली की माझा आवाज बसतो. फूलबाजारात मी आणि माझी नणंद शेजारी शेजारी बसतो. गिऱ्हाइकाशी ती बोलते, हार मी ओवते. लग्न होऊन आले तेव्हापासून असंच चाललंय. गेल्या थंडीत जे झालं ते सांगायला मला जमणार नाही, म्हणून मुलीच्या जुन्या वहीत लिहिते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

देशोदेशीची नाटकवाली माणसं तेव्हा आठवडाभर नाशकात जमली होती. त्यांच्यासाठी कलकत्त्याची एक मंडळी इंग्रजांचं फार जुनं नाटक बंगालीतून करणार होती. नाटक बसवणाऱ्या बाई पिकल्या केसांच्या होत्या, सगळे त्यांना दीदी म्हणत. गुलछडी घ्यायला आल्या आणि माझ्या हातांकडे बघत उभ्याच राहिल्या. मग हिंदीत म्हणाल्या, आमच्या नाटकात एक फूलवाली आहे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोपऱ्यात बसून नवरा-नवरीचे हार करते. तिचं काम करणारी मुलगी आजारी पडली आहे. तुम्ही याल?

मी मान खाली घातली.

"बस बैठना है," त्या म्हणाल्या, "बोलना कुछ नहीं."

"न बोलायचं काम हाय का?" नणंद म्हणाली. "मग वहिनीसारखी दुसरी मिळायची नाय तुम्हाला."

चार दिवस तालमी झाल्या. मला बंगाली कळत नाही. गोष्ट दीदींनी सांगितली होती: एका मुलीचं एका मुलावर मन असतं, बाप नाही म्हणतो, खूप भांडणं आणि लपवाछपवी होते, शेवटी मुलगी बापाला पटवते, तो हो म्हणतो आणि लग्न लागतं. तेवढ्यावर मी नाटक फुलांना बांधून घेतलं. असे दोन हार मी एरवी अर्ध्या तासात उरकते, इथे दोन तास पुरवायचे होते. मुलगी रुसून जाते तेव्हा पहिल्या हाराचा दुसरा गुलाब यायचा. मुलगा साधूचं सोंग घेऊन येतो तेव्हा पहिला हार पुरा. दुसरा हार पुरा व्हायचा तो बापाने हो म्हटल्यावर. मग मी खाली गोंडा बांधायचा, मुलगी येणार आणि दोन्ही हार घेऊन जाणार. तिसऱ्या दिवशी कुणी काय बोलतंय ते न कळताही पुढे कोण येणार हे मला सांगता आलं असतं.

खेळाच्या दिवशी पडदा वर गेला आणि हातातली सुई दिसेनाशी झाली. पुढच्या रांगांत परदेशी पाहुणे, मागे आपली नाशिकची माणसं, त्यांत नणंद तिची ठेवणीतली साडी नेसून. मी फुलांकडे बघितलं. एक फूल, दुसरं फूल. हळूहळू हात सुरू झाले. वर एका पट्टीवर इंग्रजी अक्षरं सरकत होती, ती वाचून पाहुणे हसायचे. त्यांचं हसू ऐकू आलं की मलाही कळायचं, ठीक चाललंय.

दुसरा हार अर्धा झाला होता. म्हाताऱ्या बापाचं काम करणारे गृहस्थ बोलता बोलता थबकले, पुन्हा बोलायला लागले आणि एकदम सनई वाजली. लग्नाची सनई. मी हाराकडे बघितलं. अजून दोन गुलाब यायचे होते, खाली दोरा लोंबत होता. माझा हात चुकला नव्हता. ते मधलंच बोलणं विसरून थेट शेवटाला गेले होते. वरची पट्टी रिकामी झाली. मुलगी गोंधळून माझ्याकडे आली आणि तिने हात पुढे केले.

माझ्या सासूबाईंनी मला हार शिकवला तेव्हा एकच गोष्ट बजावली होती: गोंडा बांधल्याशिवाय हार हातातून सोडायचा नाही, लग्नाचा तर मुळीच नाही. मी हार सोडला नाही. मुलीने हळूच ओढला. मीही धरून ठेवला. सगळं सभागृह आमच्या दोघींकडे बघत होतं. आणि मी बोलले.

"थांब गं बाई. हार व्हायचाय अजून." मग बापाकडे बघून म्हणाले, "आणि आधी तुम्ही हो तर म्हणा."

मागच्या रांगा आधी हसल्या. माझं बोलणं पट्टीवर आलंच नव्हतं, तरी पुढचे पाहुणेही हसले, टाळ्या वाजल्या. म्हाताऱ्यांना मराठी येत नव्हती, पण अर्धा हार त्यांना दिसला. त्यांनी कपाळाला हात लावला, सनईवाल्याला थांबवलं आणि मुलीला समोर बसवून घेतलं. गाळलेलं सगळं बोलणं त्या दोघांनी केलं. मी दोन गुलाब ओवले. त्यांनी हो म्हटलं तेव्हा मी गोंडा बांधत होते.

पडदा पडल्यावर मी एका खांबाआड जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. दीदी आल्या आणि माझे दोन्ही हात हातात घेऊन नुसत्या हसत राहिल्या. म्हातारे गृहस्थ माझ्यापुढे वाकले, ते मला बघवेना. नणंद म्हणाली, "वहिनी, घरी तर मीठ मागायला पण तुझं तोंड उघडत नाय."

दुसऱ्या दिवशी दुसरा खेळ होता. त्या दिवशी सगळं फुलाफुलाने बरोबर चाललं. दुसरा हार अर्ध्यावर आला आणि म्हातारे बोलता बोलता थांबले. मला वाटलं, झालं, परत विसरले. पण ते सरळ माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे हसत होते. त्यांनी हात वर केला, सनई वाजली, मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

मी हार मांडीवर ठेवला आणि या खेपेला शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले, "थांब गं बाई. हार व्हायचाय अजून."