लसणाचा वास

लसणाची फोडणी पडली की मी आजही आधी खिडकी उघडतो. काही वर्षांपूर्वी मी वीज जराही वाया न घालवणाऱ्या सुपरकंडक्टर तारेवर संशोधन करत होतो. लोखंड आणि आर्सेनिकची पूड चांदीच्या नळीत ठासायची आणि नळी ओढून ओढून तार करायची. ओढायचं मशीन आमच्याकडे नव्हतं, म्हणून ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका काकांच्या गाळ्यात जायचो. "आत काय भरलंय रे?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलेलं. आर्सेनिक म्हणजे विष, ते सांगितलं तर काम घेणार नाहीत, म्हणून मी "लोखंडाची पूड" एवढंच म्हणालेलो. एका दुपारी ओढून ओढून तार कडक झाली, तशी ती मऊ करायला काकांनी सवयीने तिच्यावर गॅसची ज्योत फिरवली. चांदीला कुठेतरी चीर गेलेली असणार. गाळ्यात लसणाचा वास पसरला. "कोणी डबा उघडला काय?" म्हणत काका हसले आणि तार बघायला आणखी खाली वाकले. आर्सेनिक जळलं की असाच वास येतो, हे मला ठाऊक होतं. मी पळालो, आणि रस्त्यावर पोचल्यावर मग ओरडलो. काका गॅस बंद करून खोकत बाहेर आले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काय झालं रे तुला?" मी म्हणालो, "उकडत होतं." आता खिडकी उघडताना बायको विचारते, तेव्हा तिलाही मी हेच सांगतो.