मेळाव्याच्या दिवशी पांढरी पडलेली विंडो

भिलाईच्या आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत मी छाती फुगवून सांगून टाकलं, ‘क्लिक केलं की स्थळ हजर.’ वधू-वर मेळाव्यासाठी मी पायथनमध्ये एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं, आणि ते तपासलं होतं फक्त आमच्याच भाचे-पुतण्यांच्या डझनभर बायोडाट्यांवर. त्यातल्या निम्म्यांची तर लग्नंही होऊन गेली होती.

पुढच्या रविवारी मंडळाच्या कॉम्प्युटरवर दुर्ग-भिलाई-रायपूरचे सगळे बायोडाटे घातले. विंडो उघडता उघडताच पांढरी पडली. सचिव काकूंनी चष्मा पुसून पाहिलं.

‘‘भाऊ, हे काऊन असं करून राहिलं?’’

‘‘लोड होऊन राहिलं, काकू.’’

‘‘मेळाव्याच्या दिवशी नाही चाललं, तर आपली छापील पुस्तिका आहे. मग पुन्हा याचं नाव काढू नका.’’

दोष कुठे आहे हे मला लगेच कळलं. म्हणजे, तसं मला वाटलं. सॉफ्टवेअर उघडतानाच प्रत्येक मुलाची पत्रिका प्रत्येक मुलीशी जुळवून ठेवत होतं, आणि पायथन ही लूपमध्ये, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करताना, रमतगमत चालणारी भाषा. मोजून बघण्याची तसदी न घेता मी सगळं गुणमेलन सी या वेगवान भाषेत नव्याने लिहायला घेतलं. ऑफिसातून आलो की तेच. सीमध्ये एक चूक झाली की अख्खं सॉफ्टवेअर मुकाट्याने बंद पडायचं. दिवाळीचा फराळही मी स्क्रीनकडे बघतच खाल्ला. शेवटी गुण झटक्यात जुळू लागले. मी इतका खूश, की विंडो उघडायला अजूनही वेळ लागतोय, याचा दोष मशीनच्या वयावर टाकून मोकळा झालो.

मेळाव्याला माझ्या टेबलापुढे रांग लागली. सगळ्यात पुढे कॅम्प-1 वस्तीतल्या एक मावशी, मुलीची पत्रिका हातात धरून. विंडो पांढरी.

‘‘लाइट गेली का, बाबू?’’

‘‘नाही, मावशी.’’

‘‘हव, पंखा तर चालून राहिला.’’

काकूंनी पुस्तिकांच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि माझ्याच रांगेत वाटायला सुरुवात केली.

घरी येऊन मी आधीच करायला हवं होतं ते केलं. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, ते मोजलं. गुणमेलन पहिल्यापासूनच पुरेसं जलद होतं. सगळा वेळ फोटो खात होते. आईबापांनी मोबाइलवरून पाठवलेले भलेमोठे फोटो मी सुरुवातीलाच सगळेच्या सगळे उघडत होतो, तेही अंगठ्याएवढे दाखवायला, आणि तोवर बिचाऱ्या विंडोला हलायचीही सोय नव्हती. जो बायोडाटा समोर आहे त्याचाच फोटो उघडायचा, एवढंच करायचं होतं. एका संध्याकाळचं काम. पण आता काकूंपुढे याचं नाव कोण काढणार?

हे सगळं मी चिडून बायकोला ऐकवलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘गुण तर आपलेही झटक्यात जुळले होते. वेळ तर मले तुमच्या चेहऱ्याची सवय व्हायले लागला.’’