रेडिएटरमधलं तांबडं पाणी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते. दादा दहावीनंतर तालुक्याच्या गॅरेजात लागला. त्याच्या पगारावर मी बी.ए. झाले, परीक्षा दिल्या, दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीला लागले. फरीदाबादला फ्लॅट घेतला, मग गाडी.

गेल्या वर्षी दादा आठ दिवस राहायला आला. शुक्रवारी त्याने बॉनेट उघडून बघितलं. "अगं, कूलंट कधी बदललंयस? रविवारी इथंच काढू. गॅरेज कशाला?" मी शनिवारी करोल बागेतून कूलंटचा नवा कॅन आणला.

रविवारी सकाळी, बिल्डिंगखाली. इंजिन गार होतं. दादाने रेडिएटरचं झाकण काढलं, खाली टब सरकवला आणि पाठीवर झोपून तळाचा नळ सैल केला. मी गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडून उभी, त्यातलं इंग्रजी त्याला मराठीत सांगत. त्याला काही गरज नव्हती. मला होती.

हिरवं कूलंट यायला हवं होतं. आलं ते तांबडं, गढूळ.

समोरच्या फ्लॅटमधले रिटायर्ड अंकल फिरून परत येत होते. वाकून म्हणाले, "मैडम जी, ये तो ज़ंग है. किसी ने सादा पानी डाल दिया."

"दादा, परवा बॉनेट उघडलंस तेव्हा तूच पाणी घातलंस ना?" मी म्हटलं. "ही काय तुमच्या गॅरेजातली जीप आहे?" आणि अंकलना कळावं म्हणून तेच पुन्हा हिंदीत बोलले.

दादाने गाडीखालून डोकं बाहेर काढलं, माझ्याकडे बघितलं. "असेल," म्हणाला. मग अंकलना, "गलती हो गया, साब."

अंकल हसत वर गेले. दादाने टबातलं सगळं जुन्या कॅनमध्ये भरलं. गटारात ओतू दिलं नाही, कुत्री चाटतात आणि मरतात म्हणाला. बॅटरीत घालतात ते पाणी घालून रेडिएटर दोनदा धुतला. नवा कॅन त्याच्या हातात देताना मला आठवलं. मे महिन्यात पलवलच्या पुढे गाडी तापली होती. ढाब्याच्या हापशाचं पाणी दोन बाटल्या मीच ओतलं होतं आणि नंतर विसरून गेले होते.

वर आल्यावर चहा ठेवला. "दादा, पाणी मी घातलं होतं. मेमध्ये."

"ठाऊक आहे. दोन दिवसांत एवढा गंज धरतो होय?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुला इथं राहायचंय. मी काय, शनिवारी गाडीत बसणार." त्याने घोट घेतला. "साखर फारच कमी टाकतेस हल्ली."

सव्वीस वर्षं लोक त्याच्या भरवशावर गाडी सोडून जातात. गाडीत चुकीचं पाणी घातलंस, असं त्याला पहिल्यांदा कुणी म्हटलं असेल तर ते मी. तेही परक्या माणसादेखत.

अंकलना उद्या सांगते, असं मी त्याला म्हटलं. "राहू दे गं," म्हणाला. शनिवारी त्याला निजामुद्दीन स्टेशनवर सोडलं तोवर सांगितलं नव्हतं. त्यानंतरही नाही. एका वाक्याचं काम आहे. दार समोरच आहे.

मी गाडी पुसायला उतरले की अंकल विचारतात, "भाई साहब फिर तो नहीं आ रहे, पानी डालने?"

गेल्या रविवारीही विचारलं. "नहीं, अंकल," मी म्हटलं, आणि हसले.